महिना अक्षरात लिहायचा

बोलायच्या आधी आक्का पेनाला टोपण लावायच्या. टक असा आवाज व्हायचा आणि फळ्यावर लिहिणारे सर वळून बघायचे, कारण आता प्रश्न येणार हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा.

"पर हे कुणाला इचारलं?"

दुसऱ्या वर्षाला आमच्यातल्या चार मुलांनी किराणा दुकानासाठी एक सिस्टीम काढली होती. चौकोन, बाण, रंगीत स्क्रीन, पावती कशी छापून येईल त्याचा नमुना. सर खूश झाले. मागून टक आवाज आला. कुणाला इचारलं? मुलांनी कुणालाच विचारलं नव्हतं. भोरच्या बाजारपेठेत कॉलेजपासून दहा मिनिटांवर डझनभर दुकानं असताना एकही पोरगा कुठल्या दुकानाची पायरी चढला नव्हता. सरांनी त्यांना दुपारीच पिटाळलं. परत आले ते पडलेल्या चेहऱ्यांनी. दुकानदार म्हणाला होता की पावतीचं माझं काही अडत नाही, गिऱ्हाईक मागतं तेव्हाच मला कळतं की माल संपलाय, तेवढं आधी कळायचं काही करा. मुलांनी सगळे चौकोन पुसले आणि नव्यानं सुरुवात केली. आक्कांवर आठवडाभर राग धरला, मग विसरले.

आमचा कोर्स बीबीए सीए. अर्धा कॉम्प्युटर, अर्धा व्यापार. भोरमध्ये कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, म्हणजे इंजिनिअर का? नाही म्हटलं की, मग बँकेत लागणार का? मला तीन वर्षांत नीट उत्तर जमलं नाही. आक्कांना मात्र ते पहिल्याच महिन्यात जमलं. एसटीत एका कंडक्टरनं त्यांना विचारलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्या म्हणाल्या, माणसाला काय पायजे ते कॉम्प्युटरला कळत न्हाई आन् कॉम्प्युटर काय म्हणतो ते माणसाला कळत न्हाई, आमी मधी उभं ऱ्हायचं. कंडक्टर म्हणाला, म्हणजे माझ्यासारखंच की.

आक्का तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि आम्ही बाकीचे अठरा-एकोणीसचे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला पासली नावाचं गाव आहे, तिथल्या त्या. बारावी झाली, लगीन झालं आन् मधी वीस वर्षं गेली, असं त्या सांगायच्या, आणि ती वीस वर्षं म्हणजे जणू एखादी चुकलेली एसटी, अशा सुरात. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या शिपायानं त्यांना फाटकातच सांगितलं होतं की पालकांची सभा पुढच्या महिन्यात आहे. आक्कांनी त्याचा चहा पिऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग प्रवेशाची पावती त्याच्यापुढे धरली. पुढची तीन वर्षं तो त्यांना बघून उठून उभा राहायचा.

गावात आठ वर्षं त्यांनी आरोग्याची कामं पाहिली होती. घरोघर जायचं, गरोदर बायांच्या, लहान पोरांच्या नोंदी करायच्या. मी एकदा विचारलं की या वयात कॉम्प्युटर कसा काय सुचला, तर म्हणाल्या, "एकच बाई मी सहा वह्यांत लिवायची. म्हटलं, एकदाच लिवायचं काय तरी असंल ना जगात." ते काम त्यांनी धाकट्या जावेकडे सोपवलं आणि कॉलेजला आल्या. सोमवार ते शुक्रवार नसरापूरला भावाकडे राहायच्या, तिथून एसटीनं भोर. शनिवारी वेल्ह्यामार्गे पासली. घरी नवरा, सासू आणि भातशेती. नवऱ्याला त्या "मालक" म्हणायच्या. मालकांचं या शिक्षणाबद्दल काय मत आहे, हे आम्हाला कधी कळलं नाही. दर सोमवारी आक्कांच्या पिशवीत आम्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या तांदळाच्या भाकरी असायच्या आणि पिशवी मालकांनीच एसटीत चढवलेली असायची, एवढंच ठाऊक होतं.

व्यवस्थापनाच्या तासाला त्या रंगायच्या. सर पुस्तकातून सांगायचे की गटाकडून काम कसं करून घ्यावं, आणि आक्का सांगायच्या की भातलावणीला सगळी घरं आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात कशी उतरतात आणि जो कामचुकार असतो त्याचं शेत शेवटी कसं ठेवतात. सर ते वहीत लिहून घ्यायचे. प्रोग्रॅमिंगचं मात्र वाकडं होतं. पहिल्या वर्षाचा तो पेपर त्यांचा दोनदा राहिला. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला त्या विसरायच्या आणि सगळा प्रोग्रॅम अडून बसायचा. "एवढ्या टिंबासाठी रुसतंय," म्हणायच्या, "याच्यापरीस आमची सासू बरी."

शेवटच्या वर्षी दोघादोघांनी प्रोजेक्ट करायचं होतं. जोड्या जमल्या आणि उरलो आम्ही दोघी. खरं सांगते, मला वाईट वाटलं. मला कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाची देखणी वेबसाइट करायची होती. आक्कांच्या डोक्यात दुसरंच होतं. पासली आणि वरच्या वस्त्यांवर जोराचा पाऊस लागला की ओढ्यावरचा लाकडी साकव पाण्याखाली जातो, मग दोन-दोन दिवस माणूस पलीकडे येऊ शकत नाही. ज्या बाईचे दिवस भरत आलेत तिला त्याआधी दोन आठवडे खाली वेल्ह्याला किंवा नातेवाइकांकडे आणून ठेवायला हवं. कोणाला कधी आणायचं, ते जावेच्या मोबाईलवर यादीनं दिसावं. बस्स, एवढंच.

मला ते फारच किरकोळ वाटलं. एक यादी तर करायची. मी दोन दिवसांत केली असती, पण आक्कांनी मला दोन महिने फिरवलं. शनिवारी मी त्यांच्याबरोबर जायची, वस्तीवर बसायची, बायांशी बोलणं ऐकायची. कोण म्हणायची नागपंचमीच्या आसपास, कोण म्हणायची लावणी उरकली की. दवाखान्याच्या कार्डावर तारीख असायची, पण कार्ड माहेरी राहिलेलं. आक्का प्रत्येकीला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी तेच विचारायच्या आणि तीनही उत्तरं जुळली की मगच लिहायच्या. मे संपता संपता यादी चालू झाली. एकोणीस नावं होती. जाऊ मोबाईलवर तारखा भरायची, माझा प्रोग्रॅम त्या वाचून क्रम लावायचा. जूनमध्ये दोन बाया यादीप्रमाणे वेळेवर खाली आल्या. त्या वर्षी परीक्षा लांबल्या होत्या, तोंडी परीक्षा जुलैत होती, आणि मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क घेऊन बसले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आक्कांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाल्या, वरच्या वस्तीवरची सुरेखा यादीत कधीची दिसते ते बघ.

मी बघितलं. सात ऑगस्ट.

"ती काल मला वाटंत भेटली," आक्का म्हणाल्या. "तिची चाल महिनाभर थांबणाऱ्या बाईची न्हाई. म्या तिला इचारलं. ती म्हणती, आठ जुलै."

मला आधी काही कळलं नाही. मग एकदम कळलं. जाऊ तारीख भरायची ती आपण सगळे लिहितो तशी, आधी दिवस, मग महिना. माझा प्रोग्रॅम वाचत होता तो अमेरिकेतल्यासारखा, आधी महिना, मग दिवस. आठ-सातचे झाले होते ऑगस्ट महिन्याची सात तारीख. तारीख बाराच्या पुढची असली तर एवढे महिनेच नसतात, म्हणून तिथं तो मुकाट्यानं सरळ वाचायचा, आणि जूनमधल्या दोघींच्या तारखा नेमक्या बाराच्या पुढच्या होत्या. त्यामुळे चूक दिसलीच नव्हती. मी यादी उलटसुलट तपासली. पाच नावं चुकली होती. एक तर यादीतून गायबच होती, कारण तिची तीन सप्टेंबर माझ्या प्रोग्रॅमनं नऊ मार्च वाचली होती आणि तिचं बाळंतपण उरकून टाकलं होतं.

मी पाचही नावं फोनवर सांगितली. म्हटलं, आक्का, चूक माझी आहे.

"व्हय, तुजीच हाय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या चौघींना अजून टाईम हाय. सुरेखाला आत्ता आणते. पाणी साकवाला लागलंय."

आणि फोन बंद झाला. नंतर लावला तर रेंजच्या बाहेर.

तो दिवस मी भोरला आमच्या स्वयंपाकघरात बसून काढला. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून, त्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन आहे. आईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं माझ्यासमोरचं ताट झाकून ठेवलं. तोपर्यंत माझ्या लेखी ती यादी म्हणजे प्रोजेक्ट होता. सात आणि आठ हे आकडे होते. सुरेखाच्या अंगणात मी स्वतः बसून चहा प्याले होते, तिनं मला पाट दिला होता आणि स्वतः जमिनीवर बसली होती, हे मला त्या दुपारी पुन्हा पुन्हा दिसत होतं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. आक्का आणि मालक वस्तीवर चढले. सुरेखाच्या कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यादीत अजून महिना होता आणि यादी शिकलेल्या बायांनी केलेली, तेव्हा आपलाच हिशेब चुकला असं तिनं धरलं. चार माणसांनी तिला झोळीत घातलं. साकवावर पाणी घोट्याएवढं होतं. मालक पुढे, पायानं फळ्या चाचपत. आक्का मागे, सुरेखाचं डोकं धरून. पलीकडे वेल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला जीप उभी होती.

संध्याकाळी पाच वाजता फोन वाजला.

"पोचलो," आक्का म्हणाल्या.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिनंच बाकीचं विचारलं. तासाभरानं दुसरा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. तेव्हा मात्र मी ओट्याला टेकून मोठ्यानं रडले, आणि मग ताटावरचं झाकण काढून थंड पिठलं-भात सगळा खाल्ला. इतकी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

सोमवारी आक्का नेहमीच्या एसटीनं कॉलेजला आल्या. मी पुन्हा माफी मागायला लागले तर त्यांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हणाल्या, महिना अक्षरात लिहायचा. आकड्यात नको. जुलै म्हणजे जुलै, त्याचं कुणी काय बी करणार न्हाई. एवढा साधा उपाय तीन वर्षं शिकून मला सुचला नव्हता.

तोंडी परीक्षेला बाहेरून मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, चांगलं म्हणाल्या आणि सहज विचारलं की वापरताना काही अडचण आली का. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. आक्कांनी सांगून टाकलं, तारखांसकट. मॅडमनी पेन खाली ठेवलं. चूक कोणाची होती?

"आमा दोघींची," आक्का म्हणाल्या. "हिनं तारीख उलटी वाचली. आन् आदल्या शनवारी बी ती दिसली व्हती, पर यादीतलं बघून मी आठ दिस गप बसले. सुरेखा डोळ्यांम्होरं चालत होती तरी."

हे मला नवीन होतं. त्या आठ दिवसांबद्दल त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मग मीही तोंड उघडलं आणि माझी चूक जशी होती तशी सांगितली. मॅडमनी आम्हाला किती मार्क दिले ते आज आठवत नाही. त्या उठताना आक्कांना नमस्कार करून गेल्या, ते आठवतं. त्याच निकालात आक्कांचा प्रोग्रॅमिंगचा पेपर सुटला, काठावर. अर्धविराम सगळे जागच्या जागी दिले होते, असं त्या शपथेवर सांगत होत्या.

मी आता पुण्यात एका कंपनीत आहे. माझ्यापुढे आलेला कुठलाही नवा आराखडा मी आधी बाहेर नेते, ज्याला वापरायचा आहे त्याला दाखवते. साहेब म्हणतात, तू कामाला वेळ लावतेस. लावते.

गेल्या दिवाळीनंतर पासलीला गेले. आक्का नव्हत्या. त्यांची यादी आता दुसऱ्या जिल्ह्यांतल्या डोंगरी गावांत न्यायचं काम एका संस्थेनं त्यांना दिलं आहे, सहा महिने तिकडेच असतात. सासूबाई अंगणात ऊन खात बसल्या होत्या, मालक भाताच्या पेंढ्या झोडत होते. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागले. ती बरी हाय, असं एकदा म्हणाले.

तेवढ्यात शाळेचे मास्तर कसल्याशा पाहणीसाठी वही घेऊन आले. घरात माणसं किती, जनावरं किती, विहीर आहे का. मालक काम न थांबवता उत्तरं देत होते. मग मास्तरांनी विचारलं, घरात सगळ्यांत जास्त शिकलेलं कोण?

मालकांनी हातातली पेंढी खाली ठेवली. अंगावरचं तूस झटकलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून आक्कांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी घेतलं, स्वतःच्या नावासकट आणि आडनावासकट, सावकाश. मास्तरांनी विचारलं, शिक्षण? तर एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, बी, बी, ए, सी, ए. मास्तर लिहीपर्यंत ते वहीवर वाकून बघत उभे राहिले.