आमदारांच्या तब्येतीची चौकशी

सत्तरच्या दशकात आमच्या गावात घरच्या म्हाताऱ्याला महिनाभर खोकला लागला तरी कुणी मान वर करून बघत नसे. पण आमदारांना शिंक आली की ती तालुक्याला कळायच्या आधी आमच्या चावडीवर पोचायची. त्यांचा रक्तदाब वरचा किती, खालचा किती, उपाशीपोटी साखर किती, सगळं शेंबड्या पोरालाही पाठ. एवढी माया बघून परका माणूस गहिवरायचा. खरं कारण कळलं असतं तर तिथंच ओकला असता.

कारण असं. आधीचे आमदार हृदयविकारानं अचानक गेले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. एरवीच्या निवडणुकीत आमच्या वाट्याला यायची एक जीप, तिच्यावर एक कर्णा, आणि तीसुद्धा न थांबता पुढच्या गावाला जायची. ही गोष्ट वेगळी होती. अख्ख्या राज्यात निवडणूक एकट्या आमच्याकडं, मंत्र्यांना दुसरं काम नाही. जीपगाड्या एवढ्या आल्या की धुरळ्यानं गावातले कावळे आणि पारवे एकाच रंगाचे दिसायला लागले. एका दिवशी तीन मंत्री आले. तिसऱ्याला हार कमी पडला, तेव्हा दुसऱ्यानं टेबलावर काढून ठेवलेला उचलून तिसऱ्याला घातला, आणि दुसरा भाषण संपेपर्यंत वाकून वाकून टेबलाखाली हार शोधत होता. यातला एक शब्द खोटा नाही. दोन-चार असतील.

गावानं एकच मागितलं. ओढ्यावर पूल.

पुलाची खरी गरज आमच्या आत्याला होती. ती ओढ्यापलीकडं वस्तीवर एकटी राहायची. नवरा फौजेतून परत आला नव्हता, आणि जगायला एक म्हस होती. डेअरीची गाडी अलीकडं, गावात, सकाळी सातला यायची आणि ड्रायव्हर सख्ख्या बापासाठीसुद्धा थांबायचा नाही. पावसाळ्यात ओढा भरला की आत्याचं दूध पलीकडंच नासायचं. असे दोन पावसाळे तिनं रेटले होते. तिसऱ्याची ताकद नव्हती. पूल झाला नाही तर पावसाच्या आधी म्हस विकायची, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

तर मंत्र्यांनी नारळ फोडला आणि वीस दिवसांत ओढ्यात चार खांब उभे राहिले! आम्ही डोळे चोळत बसलो. मग मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटचा मिक्सर गायब. फिरता फिरताच ट्रॅक्टरला जोडून नेला म्हणतात, आणि वाटेवर सांडत गेलेल्या काँक्रीटवर पुढच्या गावच्या एकानं गोठा बांधून घेतला. आमच्या खांबांवर सळया तेवढ्या उभ्या. विचारायला गेलो तर बांधकामाचे साहेब म्हणाले, "स्लॅबची तरतूद नाही."

त्या दिवशी हाटेलात चहा पिता पिता एकजण म्हणाला, "मग सोपं हाय की गड्या. एक आमदार गेला तवा खांब आलं. आता ह्यो गेला की स्लॅब येतोय!"

आम्ही इतकं हसलो की बाकडं मोडलं. मग हळूहळू हसणं थांबलं, आणि सगळे गपचूप एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

नवे आमदार जुने पैलवान. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, शोधायला गवंड्याची दोरी लागावी. कुस्ती सुटली होती, खुराक सुटला नव्हता. कराडात त्यांच्या डॉक्टरकडचा कंपाउंडर आमच्या गावचा जावई, त्यानं बातमी आणली: डॉक्टरांनी मीठ, तेल आणि मटण बंद केलंय, चुकून खाल्लं तर भरवसा नाही.

चौथ्या दिवशी सरपंच जेवणाचं आवतण घेऊन त्यांच्या दारात उभा.

वाढपी मी. मसाला वाटला आत्यानं, कारण कांदा-लसणाच्या चटणीला तिचा हात पंचक्रोशीत वाखाणलेला. मी तिला म्हणालो, "आत्ते, तुला म्हाईत हाय न्हवं, कशासाठी चाललंय?" ती वरवंटा न थांबवता म्हणाली, "म्हाईत हाय. मला म्हस ठेवायची हाय."

पहिल्या जेवणाला आमदारसाहेबांनी सहा वाट्या रस्सा ओढला आणि भाषणात डोळे पुसले. म्हणाले, "एवढी गावं फिरलो, पन ह्या गावाइतकी माया कुटं न्हाई बघितली." आम्ही टाळ्या वाजवल्या. शिवाय त्यांच्या नावानं नवस बोललोय असं सांगून भर उन्हात डोंगरावरच्या देवाला चढवलं. पहिल्या खेपेला चौघांनी मागून ढकललं. दुसऱ्या जेवणानंतर परत चढवलं, तर साहेब पुढं आणि सरपंच मागं, कुत्र्यागत जीभ काढून. महिन्याभरानं कंपाउंडरचा निरोप आला: चढून चढून साहेबांची साखर उतरली! गावात सुतक पडल्यासारखं झालं.

म्हणून तिसरं जेवण. वैशाख, मीठ दुप्पट. मी पातेल्यावरचा लाल तेलाचा थर तेवढा पळीनं गोळा करून साहेबांच्या वाटीत ओतत होतो.

"बास रं, डॉक्टर मारंल मला."

"डॉक्टरला कशाला तरास, सायेब," सरपंच म्हणाला, आणि पंगत खदखदली.

चौथ्या वाटीला साहेबांचा हात छातीवर गेला. कपाळावर घाम फुटला, डोळे मिटले. साठ माणसं चावायची थांबली. मी उभा होतो, म्हणून मला सगळी तोंडं दिसत होती. एकाही तोंडावर भीती नव्हती. वेळेवर येणारी एस.टी. लांबून दिसली की माणसं पिशवी उचलून पुढं सरकतात ना, तशी सगळी बसल्या जागी सरकली होती. सरपंचानं तर मान वळवून ओढ्याकडं बघून घेतलं. आणि मी? माझ्या डोळ्यांपुढं पूल झाला होता, आत्या किटली घेऊन त्याच्यावरून चालली होती. मी पळी खाली ठेवली नव्हती.

आत्या भाकरीची बुट्टी घेऊन येत होती. तिनं बुट्टी तिथंच टाकली, मला कोपरानं बाजूला केलं, ताट लाथेनं सरकवलं आणि आजारी म्हशीला चोळावी तशी साहेबांची पाठ चोळायला लागली. "श्वास घ्या सायेब. हळू. पानी प्या."

मग साहेबांना ढेकर आला. असा आला की चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उडालं. तोंडावर रंग परतला. पंगतीतून एक लांब उसासा निघाला, आणि तो सुटकेचा नव्हता.

"आता उटा आनि घरी जावा," आत्या म्हणाली.

"का गं आक्का?"

"ही मानसं तुमास्नी मरायसाटी जेवू घालत्यात. तुमी मेलासा की निवडनूक, निवडनूक लागली की स्लॅब. मसाला म्याच वाटलाय."

साहेब मोठ्यानं हसले. हसत हसत उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. कुणीच हसत नव्हतं. सरपंच पत्रावळीवरच्या मिठात बोट फिरवत होता. साहेबांनी मला विचारलं, "खरं हाय व्हय रं?"

मी म्हणालो, "भात आनू का, सायेब?"

ते हात न धुता उठले. जीप वळली तशी आत्या मागं धावली. "आवं सायेब, जगिवलं तुमास्नी! तेवढं पुलाचं बघा!" साहेबांनी मागं बघितलं नाही. पुन्हा ते आमच्या शिवेत आले नाहीत.

संध्याकाळी सगळा गाव आत्यावर तुटून पडला. "दोन मिंटं गप ऱ्हायली असतीस तर काय झालं असतं?" सरपंच म्हणाला, "पूल खाल्लास गावाचा." मोर्चा काढू, तालुक्याला जाऊन बसू, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. जित्या आमदाराकडं काही मागायचं असतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मी आत्याच्या बाजूनं बोललो म्हणून लिहायला मला आवडलं असतं. मी भांडी घासायला नेली.

पावसाला आठवडा उरला तेव्हा मी आणि आत्या म्हस घेऊन कराडच्या बाजाराला निघालो. कोरड्या ओढ्यातून, त्या चार खांबांमधून. आत्यानं वर बघितलं नाही. बाजारात मलकापूरकडचा एकजण म्हशीभोवती तीनदा फिरला, कास दाबून बघितली आणि संशयानं म्हणाला, "एवढी दुधाची म्हस का इकतासा? लाथ मारती का? काय खोड हाय?"

"म्हशीला खोड न्हाई," आत्या म्हणाली. "गावाला हाय."

त्याला काय कळायचं? त्यानं पुन्हा एकदा कासेला हात लावला, म्हस हलली नाही, तसा त्यानं दोर मागायला हात पुढं केला. आत्यानं दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू दे. तुला वाढायची सवय हाय."