बाबा आत बसणार नाहीत

आज आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत मला बघायला पाहुणे आले होते. ते यायच्या आधीच आत्याने बाबांना आतल्या खोलीत बसवलं. का, तर त्यांचे डोळे पांढुरके दिसतात.

बाबांच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात प्रोटीनचे ठिपके साचतात. आनुवंशिक आहे. माझ्याही डोळ्यांत सुरू झालंय, म्हणून ते अधूनमधून लाल होतात.

मुलाच्या आईने विचारलं, "डोळे लाल का गं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "काल लालबागला मसाला कुटून आणायला गेली होती ना!"

माझं डोकंच फिरलं. उठले, बाबांना हाताला धरून बाहेर आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. म्हटलं, "मसाला नाही काकू, हे बाबांकडून आलंय. उद्या माझ्या मुलांनाही येऊ शकतं. आता विचारा काय ते."

पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. आत्या अजून माझ्याशी बोलत नाहीये. बाबा मात्र म्हणाले, "चहा दे गं, आज बाहेरच बसतो."

पुढच्या वेळीही ते बाहेरच बसणार. चालत असेल त्यांनीच यावं.

तुमच्याकडे पाहुणे आले की घरातलं कोण आत बसतं?