वाढत्या अंगाचं जाकीट

माझी पोरगी सहा वर्षांची होईस्तोवर सलग तीन तास कधी झोपली नव्हती. दिवसा सारखी पळायची, भिंतीला पाठ घासायची. शाळेच्या बाईंनी सांगून टाकलं, "ही एका जागी बसतच नाही हो. असंच राह्यलं तर आम्हाले नाही ठेवता येणार." मी बाईंवर भडकले आणि घरी येऊन न्हाणीत रडले.

बुलढाण्याच्या थेरपीवाल्या मॅडमनी तिला तपासलं. ताणल्या जाणाऱ्या कापडाचं, अंगाला घट्ट बसणारं जाकीट सुचवलं. अंगावर सारखा दाब राहिला की काही लेकरं शांत होतात, म्हणाल्या. दिवसा थोडा वेळ घालायचं, संध्याकाळी थोडा वेळ. माप लिहून दिलं. मागवताना मी शहाणपणा केला, दोन साईज मोठं मागवलं. वाढत्या अंगाची पोर, महागाचं कापड! आमच्याकडे लेकरांचे कपडे असेच घेतात. मीसुद्धा पाचवीतला फ्रॉक सातवीपर्यंत घातलाय.

पंधरा दिवस झाले, फरक शून्य. सासूबाई म्हणाल्या, "काऊन घालून राह्यली तिले हे पोतं?" मी तणतणत बुलढाणा गाठलं. म्हटलं, "मॅडम, तुमचं जाकीट काही कामाचं नाही!"

खोलीभर पळणाऱ्या पोरीला मॅडमनी जवळ घेतलं आणि पाठीमागचं सगळं ढिलं कापड मुठीत धरून हळूच आवळलं. पोरगी थांबली. खांदे खाली आले, एक लांब श्वास सुटला. अगं बाई! माझ्या अंगावर काटाच आला. सहा वर्षांत मी तिला अशी उभी पाहिली नव्हती. "ताई, मोठं घेतलं ना?" मॅडमनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मापाचं आणलं. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, मॅडमनी आधीच बजावलं होतं. पण महिनाभरात शाळेत ती एक अख्खी गोष्ट बसून ऐकायला लागली. घरीही झोप थोडी थोडी लांबत गेली.

आणि एका सकाळी ऊन खाटेपर्यंत आलं तरी ती झोपलेलीच. मी नुसती बघत बसले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "उठव ना व तिले, शाळा हाय." तिला कधी उठवावं लागलंच नव्हतं, कसं उठवायचं तेच सुचेना. शेवटी खांद्याला हात लावला. "ऊठ व माय."

तिनं माझा हात झटकला, कूस बदलली आणि चिडून म्हणाली, "मले झोपू दे ना!"