चोरीच्या आधी आलेला माणूस

कॉलेज संपल्यावर मला सरकारी पाहणीचं हंगामी काम मिळालं. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघर जायचं आणि विचारायचं: गेल्या वर्षभरात तुमच्याकडे चोरी झाली का, कुणाला मारहाण झाली का, झाली असेल तर पोलिसांत कळवलं का? शुक्रवार पेठेत लोक दाराची कडी न काढताच 'नाही' म्हणायचे. खेड्यात निदान आत तरी बोलावतील, असं वाटून मी वळसंगला गेलो.

तिथं एका घरात पन्नाशीच्या एक बाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. माझा प्रश्न ऐकून सूप थांबलं.

"चोरीबिरी न्हाय झाली," त्या म्हणाल्या. "आता घरात काय काय हाय, ते बी सांगू व्हय?"

पाणीही न विचारता त्यांनी मला वाटेला लावलं.

राहिलेली घरं करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. एस.टी.तून उतरतोय तोच दोघांनी माझे दंड धरले. त्या बाईंचा तांब्याचा हंडा नाहीसा झाला होता. मला धरणाऱ्यांतला एक, बाईंचा धाकटा दीर, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. चावडीवर पोलीस पाटलांनी माझं ओळखपत्र उलटसुलट केलं, शिक्क्यावर नख घासून पाहिलं.

"चोरी झाल्यावर बी सरकार लवकर येत न्हाय," ते म्हणाले. "तू चोरीच्या आदीच कसा आलास?"

गर्दीत कुणीतरी हसलं. त्यांच्या जागी असतो, तर मीही मला सोडलं नसतं.

तेवढ्यात त्या बाई आल्या. माझ्याकडे न पाहता दिराकडे बघत म्हणाल्या, "सोडा त्यांना. हंडा घावला."

"कुटं घावला?" पाटलांनी विचारलं.

"घावला की!"

दिराचा आवाज एकदम बंद झाला. माझा दंड मात्र त्यानं सावकाश सोडला.

बाई माझ्याबरोबर एस.टी.च्या थांब्यापर्यंत आल्या. आसपास कुणी नाही असं पाहून म्हणाल्या, "घावतोय कुटला! दिरानंच सोलापुरात नेऊन मोडीत घातला. जावेनं आत्ता सांगितलं."

"मग ही चोरी लिहून घेऊ?"

"घरच्यानं नेलं त्याला चोरी म्हणत न्हाईत, सायब. काल सांगितलं तेच ऱ्हाऊ द्या. जावेनं तोंड उघडलं हे त्याला कळलं, तर तिची धडगत न्हाय."

"तो मारतो तिला?"

बाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "तुमची गाडी आली," त्या म्हणाल्या आणि मागं वळल्या.

मी चढलो, तर खाली दीर उभा. त्यानं कंडक्टरला हाक मारली, "ह्याला मधी कुटं उतरू देऊ नका. सरळ सोलापूर!"

कंडक्टरनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मला स्वतःच्या शेजारी बसवलं.