एकोणिसावा भाग आणि मामींचा डबा

टीव्ही पाहणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण टीव्ही थांबवून पाहणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मनीषनगरच्या त्यांच्या घरी रिमोटची बाकीची बटणं नव्यासारखी आहेत, चित्र थांबवायचं तेवढं झिजून गुळगुळीत झालंय. बातम्या असोत, क्रिकेट असो की कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ, मामा मध्येच हात वर करतात, चित्र गोठतं आणि ते पडद्यावर बोट ठेवून विचारतात, "मांडवाच्या मागं कोण उभा आहे, पाहिलं का?" मांडवामागे आचारी नाक शिंकरत असतो. आमच्याच लग्नाचा व्हिडिओ आठवायला गेलो तर मला बायकोच्या आधी तो आचारी आठवतो. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मामांचा खरा जीव मात्र एकाच मालिकेत अडकलेला. पस्तीसेक वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर एक अंतराळातली मालिका लागायची. चंदेरी कपडे घातलेली माणसं यानात बसून ग्रहामागून ग्रह फिरायची आणि प्रत्येक ग्रहावर भांडणं मिटवायची. मामा तिला 'आपली शिरेल' म्हणतात, कारण तिचं यान उभं राहिलं होतं कळमेश्वरला, मामा ज्या कारखान्यात स्टोअरकीपर होते त्याच्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये. जावई म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा समोर तर्री-पोह्यांची प्लेट आली आणि पाठोपाठ परग्रहावरचा राजा आला. "जवाईबापू, हा ग्रह नाही, ही सावनेरची कोळशाची खाण आहे. अन् राजाच्या हातात बंदूक नाही, आमच्या स्टोअरचा ग्रीसचा पंप आहे. आता तो काय बोलून राहिला, ते ऐका." मी ऐकलं. राजा डोळे वटारून सैन्याला परग्रहाच्या भाषेत हुकूम सोडत होता: कोराडी, पाटणसावंगी, सावनेर, केळवद. त्या नटाला लिहून दिलेली भाषा पाठ होईना, म्हणून रोज ज्या बसने यायचा तिचे थांबे त्याने म्हणून टाकले होते. हे बारा सेकंद मामांनी मला अकरा वेळा दाखवले. तर्री पार निवून गेली, तेव्हा आतून मामी म्हणाल्या, "खाऊ द्या ना त्यायले. तुमचं यान काही पळून नाही चाललं."

या मालिकेच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथे तरुण मुलं यानाच्या बटणांवर मोठमोठे लेख लिहितात आणि मामा खाली दोन शब्दांत निकाल लावतात. 'ऊर्जाकवच' म्हणजे कूलरची जाळी. दार उघडतानाचा फुस्स आवाज म्हणजे कँटीनचा कुकर. पण एकदा त्यांनी लिहिलं, की यानाचं हृदय, ते मधोमध लाल उजेडात चमकणारं, म्हणजे आमच्या घरचा स्टीलचा डबा होय. त्यावर एकाने पुरावा मागितला. तेव्हापासून ग्रुपमध्ये मामांचं नाव 'डबेवाले काका' पडलं.

पुरावा मागणारं माणूस घरातही होतं, आणि पस्तीस वर्षं मागत होतं. तो डबा मामींच्या आईने लग्नात दिलेला. भांडीवाल्याकडून त्यावर नाव घालून आणलं होतं: 'कुसुमला आईकडून'. लग्नानंतर वर्षभरात त्यांची आई गेली. पुढे एका सकाळी दिग्दर्शकाला यानासाठी काहीतरी गोल आणि चकचकीत हवं झालं, आणि मामांनी घरी न विचारता डबा उचलून नेला. झाकण तेवढं ओट्यावर राहिलं. शूटिंग संपलं, सामानाचा ट्रक गेला, त्यात डबाही गेला. मामींच्या मते तो भंगारात गेला आणि यानाबिनाची गोष्ट मामांनी मागून रचली.

मामांची बाजू अशी, की दिग्दर्शकाने नाव भिंतीकडे फिरवून डबा ठोकला होता. पण एकोणिसाव्या भागात वादळ दाखवायला चार कामगारांनी यान गदागदा हलवलं तेव्हा डबा फिरला आणि नाव समोर आलं. मामांनी ते रविवारी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी हाक मारली, मामी पिठाचे हात घेऊन बाहेर धावल्या, तोवर पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती. तेव्हा टीव्ही थांबवता येत नव्हता. हे कळल्यावर त्या झिजलेल्या बटणाला हसणं मी सोडून दिलं. नेटवर जुने भाग एकेक करून येत गेले, एकोणिसावा तेवढा येईना.

गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी तो टाकला. मामांनी आम्हाला बोलावून घेतलं. ते खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले, म्हणून रिमोट माझ्याकडे आला. यान हललं, डबा फिरला, मी चित्र थांबवलं. इतकं धूसर, की डबा आहे एवढंच कळत होतं. नावाच्या जागी नुसता करडा पट्टा. मी चार वेळा मागेपुढे केलं. सगळ्या जगाला बारकावे दाखवणाऱ्या माणसाला स्वतःचा एक बारकावा दिसू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

मामी झाकण हातात घेऊन केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. त्या पडद्याजवळ गेल्या आणि, मामा ठेवतात तसंच, बोट ठेवलं. "नाव नाही दिसत. पण हा पोचा माझा आहे."

"पोचा?" मामा म्हणाले. "त्याले पोचा कुठं होता?"

"पहिल्या दिवाळीले चिवडा भरताना हातून सुटला. आईची वस्तू, म्हणून कोणाले सांगितलं नाही. पोचा नावाखालीच पडला, म्हणून ती बाजू भिंतीकडं करून ठेवत होती."

"अन् हे तुनं मले आजपर्यंत सांगितलं नाही?"

"तुमी डबा नेताना विचारलं होतं?"

मामी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या, झाकण मांडीवर. चित्र सुरू करायचं कुणी मनात आणलं नाही. थोड्या वेळाने मी हळूच म्हटलं, "मामा, आता टाका ग्रुपवर. डबेवाले काका जिंकले."

मामा मामींकडे बघत होते. "राहू द्या, जवाईबापू," ते म्हणाले. "शिरेलचं सगळं सांगितलं त्यायले. हे घरचं आहे."