न दिलेला हात

आखडलेल्या खांद्याच्या व्यायामासाठी मी महिनाभर अकोल्याच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जात होते. तिथे पातूरहून पन्नाशीची एक बाई रोज नवऱ्याला घेऊन यायची. लकव्याने त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. "आधार देऊ नका, त्यांचं त्यांना उठू द्या," असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. तो खुर्चीतून उठायला धडपडला की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे, म्हणून ती ते पदरात घट्ट गुंडाळून बसायची.

एकदा मी म्हटलं, "धीराच्या आहात हो!"

"धीर कायचा, बाई," ती म्हणाली. "हात देनं सोपं हाये. नुसतं पाह्यत बसनं लय जड जाते."

धावून जाणं म्हणजेच माया, असं मी तोवर समजत होते.

शेवटच्या आठवड्यात तो आधाराच्या दांड्यांमधून चार पावलं चालला आणि पाचव्याला गुडघ्यांवर कोसळला. मी धावले. तिने मला अडवलं.

"थांबा. ते उठतीन."

बऱ्याच वेळाने तो उठला. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. जड जिभेने तो म्हणाला, "अवं, उठलो ना मी."