गिरणी चालू होती

१९७३ च्या डिसेंबरात आमची ट्रान्सपोर्ट कंपनी पंजाबात होती. मी नायक, ड्रायव्हर. अरब देशांनी तेल रोखल्यामुळे मोजक्याच गाड्या बाहेर काढायचा हुकूम होता. रिकाम्या वेळात कॅप्टनसाहेब आमचा वर्ग घेत.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘एम्बार्गो’ लिहिलं. “मतलब व्यापारबंदी. माल देना नहीं, लेना नहीं. गोली चलाए बिना सामनेवाले को झुकाना.” फ्रान्सच्या बादशहाने इंग्लंडचा माल युरोपात बंद केला होता, हे सांगितलं. पासष्टच्या लढाईत अमेरिकेने आपली आणि पाकिस्तानची, दोघांचीही हत्यारं थांबवली, तेही सांगितलं.

एका जवानाने विचारलं, “साब, पहले तकलीफ किसको?”

“जिसके घर में कम है.”

जानेवारीत रजा मिळाली. दौंडला उतरलो, एसटीने शिरूर तालुक्यातल्या माझ्या गावी आलो. आधी दगडूच्या घरी गेलो. लान्सनायक दगडू ओव्हाळ माझ्याच गावचा, माझ्याच कंपनीतला. एकाहत्तरच्या लढाईत गेला. घरी त्याची आई एकटी.

म्हातारी म्हणाली, “सोपानराव, च्या न्हाई देता येत. साखर न्हाई. दुकानदार देत न्हाई आमच्या वाड्याला.”

“का?”

“पोरांनी गावची मेलेली जनावरं वढायचं बंद केलं. मग गावानं आमचं समदं बंद केलं. दुकान, गिरणी, रोजगार.”

“कुणी ठरवलं?”

तिने चुलीकडे तोंड फिरवलं. “तुमच्या आबांनी.” आबा म्हणजे माझे वडील; गावात त्यांचाच शब्द चाले.

मी तिच्या बाजरीची पिशवी उचलली आणि गिरणीवर गेलो. अंगावर युनिफॉर्म होता. गिरणीवाला हसला. “कवा आलात? द्या, लगीच दळतो.”

“दगडूच्या आईची हाय.”

त्याचा हात थांबला. “डिझेल न्हाई. अरबांनी बंद केलंय.”

इंजिन चालूच होतं. दळणाला आलेली सगळी माझ्या भावकीतली माणसं. एकानेही वर पाहिलं नाही. तेवढ्यात आबा आले.

“पिशवी ठेव. घरी चल.”

“आबा, दगडू देशासाठी गेला.”

“ते पलटणीत. हितं गावाची रीत हाय.”

मी पिशवी घेऊन शिरूर गाठलं. बाजरी दळली, आणि मामलेदार कचेरीत तक्रार दिली. कारकुनाने विचारलं, “बंदी कुणी घातली?” बापाचं नाव घेताना माझा आवाज इतका खाली गेला की त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

काही दिवसांनी सरकारी जीप आली. दुकान वाड्यालाही उघडलं, गिरणीवर त्यांचं दळण घेऊ लागले. आबा रजाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांची लाज वाटत होती. त्यांच्या घरात जेवतो याचीही वाटत होती.

निघायच्या दिवशी दगडूच्या आईने जेवायला बोलावलं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, “शेवटचं काय बोलला माझा दगडू?”

हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दारूगोळ्याच्या काफिल्यात पहिली गाडी त्याची होती. तिच्यात वायरलेसचा एक सेट होता. दुसरा मागे माझ्या गाडीत; त्यावर मी ऐकत होतो.

दगडूचा आवाज आला, “पूल पर शेलिंग है. ओव्हर.”

साहेबांचा हुकूम गेला, “रुको. ओव्हर.”

“आगे अपने लोगों का गोला खतम है. मैं जा रहा हूँ. ओव्हर.”

गाडी पुलावर असताना तोफेचा गोळा तिच्यावर पडला.

तिने भाकरी तव्यावर टाकली. “मग, पोचलं का त्यांना?”

“पोचलं, मावशी. रातीच. रस्ता मोकळा करून मागच्या गाड्यांनी पोचवलं.”

तिने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. “खा, लेकरा.”

मी मान खाली घालून जेवलो.